चार खुंट्यांची खोली

दोरीवाल्या आत्यांची आणि माझी ओळख प्रौढांच्या वर्गात झाली. शाळेची मुले घरी गेली की त्यांच्याच बुटक्या बाकांवर आम्ही मोठी माणसे गुडघे पोटाशी घेऊन बसत असू. आत्यांची जागा माझ्या शेजारी होती. मला अक्षरे हवी होती. आत्यांना अक्षरांची घाई नव्हती. त्यांना अंक हवे होते.

"आधी आकडे शिकवा, बाई," असे त्यांनी पहिल्याच दिवशी शिक्षिकेला सांगितले. "नावाचं काय, माझं नाव मला तोंडपाठ आहे."

पुढे पाटीवर आकडे गिरवता गिरवता त्यांनी आपली हकिकत मला तुकड्यातुकड्यांनी सांगितली. आता मला लिहिता येते, म्हणून ती लिहून ठेवणे हे माझे कर्तव्य आहे असे मी मानते. यातली स्वप्नेसुद्धा आत्यांनीच सांगितलेली आहेत. त्यांत माझी भर नाही.

आत्यांचे काम ऐकणाऱ्याला चटकन उमगत नाही, तेव्हा ते आधी नीट सांगितले पाहिजे. देशात धान्य किती पिकले, हे एकेक शेत मोजून सरकारला कळू शकत नाही. म्हणून गावातले एखादे शेत चिठ्ठी उचलावी तसे निवडतात. त्या शेतात कुठे उभे राहायचे, तेही नशिबावरच सोडतात. तिथे दोरीने एक चौकोन आखायचा, चौकोनातले तेवढेच पीक कापायचे, झोडायचे आणि तोलायचे. त्या वजनावरून गावाचे पीक ठरते. आकडा ठरलेल्या रेषेच्या वर गेला, तर गाव भरले असे समजतात; मग स्वस्त धान्याच्या दुकानाला कुलूप राहते. आकडा रेषेखाली उतरला, तर दुकान उघडते आणि सरकारी कोठारातली पोती गावात येतात. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात, तशीच ही रीत. फरक एवढाच, की इथे शीत चुकले तर पातेले दुसऱ्याच्या चुलीवर जाते.

चौकोनाची दोरी सांभाळणे आणि चार खुंट्या ठोकणे हे आत्यांचे काम होते. आधी ते त्यांच्या वडिलांचे होते. वडील म्हणत, "दोरीला भूक नसते, म्हणून तिचं ऐकायचं." मोसम नसला की ते दोरी गुंडाळून उशाशी घेत आणि तिच्यावरच डोके टेकून झोपत. लहानपणी आत्यांना वाटे, की वडिलांच्या डोक्यात शेतेच शेते आहेत आणि ती सगळी या दोरीने नीट बांधून ठेवली आहेत, म्हणून ती सांडत नाहीत.

यथाकाळ आत्यांचे लग्न झाले. नवरा लवकर गेला आणि आत्या माहेरी परतल्या. तोवर वडील थकले होते. दोरी आपसूक त्यांच्या हाती आली. घर भावाचे, दोन खोल्यांचे. एका खोलीत भाऊ, वहिनी आणि मुले. दुसरीत चूल, धान्याची कणगी आणि आत्या. कणगी आणि भिंत यांच्यामध्ये जेवढी जागा उरे, तेवढे त्यांचे अंथरूण. चांगल्या वर्षी कणगी फुगल्यासारखी होई आणि आत्यांना कूस वळवता येत नसे. वाईट वर्षी जागा प्रशस्त होई. "मी पाय पसरून झोपले की समजावं, घरात खायला नाही," असे त्या हसून सांगत.

अशा बाईला स्वतःची खोली मिळाली ती शेतात. चार खुंट्या ठोकून दोरी ताणली, की आत्यांखेरीज कुणी आत पाऊल टाकायचे नाही असा नियम होता. कृषी कार्यालयातला मोजणीदार झाडाखाली बसून आपला तराजू जुळवी. कापणारी माणसे विळ्यांना धार लावीत. तेवढ्या वेळात आत्या दोरी कुठे अडकली आहे का ते पाहत चौकोनाची फेरी घालत आणि शेवटी कणसे हळूच बाजूला सारून मधोमध जाऊन उभ्या राहत. आत शिरले, की बाहेरचे बोलणे पाण्याखालून ऐकू यावे तसे येई. चारी बाजूंना कणसांच्या भिंती, वर आभाळाचे छत. वारा पाहुण्यासारखा दार लोटून आत येई, जरा टेके आणि उठून जाई. पानांची सळसळ थांबली, की दाणे भरताना होणारा आवाज आपल्याला ऐकू येतो असे आत्यांना वाटे. असा आवाज असतो की नाही, हे मी कुणाला विचारलेले नाही.

तिथे उभ्या असताना त्यांना नेहमी एकच दृश्य दिसे. दूर राजधानीत एक लांबच लांब दालन आहे. त्याच्या जमिनीवर साऱ्या देशातले चौकोन गोधडीच्या ठिगळांसारखे शेजारी शेजारी मांडलेले आहेत. कुठले हिरवे, कुठले करडे, कुठल्यावर अजून दव आहे. एक मोठा माणूस अनवाणी पायांनी त्यांच्यावरून सावकाश चालतो आहे. पायाला जिथे ओल लागते तिथे तो पुढे जातो, आणि जिथे कोरडे लागते तिथे थांबून म्हणतो, "इथे पाठवा." त्या माणसाचा चेहरा आत्यांना कधी दिसला नाही. पाय मात्र दिसत, आणि ते वडिलांच्या पायांसारखे भेगाळलेले असत.

"आत्याबाई, झोपलात का आत?" असे मोजणीदार बाहेरून ओरडे, आणि दालन विरून जाई.

ज्या वर्षाची ही गोष्ट आहे, त्या वर्षी आभाळाने दुजाभाव केला. वहाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठची शेते हिरवीगार राहिली. वरच्या माळावर मात्र कणसे बाहेर पडली ती दाणा न भरताच वाळली. माळावरची घरे जास्त, काठावरची मोजकी. मधल्या उतारावर आत्यांच्या भावाचे शेत होते. ते खालून हिरवे आणि वरून पिवळे, अर्धे पिकलेले फळ असावे तसे. कणगीचा तळ दिसू लागला होता आणि आत्या पाय पसरून झोपू लागल्या होत्या. त्या वर्षी कोणी कोणाला पीक कसे आहे असे विचारीत नव्हते. चौकोन कुठे पडेल, एवढेच विचारीत होते. माळावर पडला तर दुकान उघडेल. काठावर पडला तर गाव कागदावर जेवेल आणि घरात उपाशी झोपेल, हे सर्वांना ठाऊक होते.

त्याच मोसमात कार्यालयाने आत्यांची जुनी दोरी काढून घेतली. ती वडिलांच्या काळची, घायपाताची, झिजून गुळगुळीत झालेली. बदल्यात सुताची पांढरीशुभ्र नवी दोरी मिळाली, चारही कोपऱ्यांच्या जागी लाल चिंध्या बांधलेली. शेजारच्या गावच्या मोजणीत ती चिखलात लोळली. आणि आता आत्यांच्या गावच्या मोजणीला जिल्ह्याच्या कृषी कार्यालयातल्या मोठ्या बाई जातीने येणार होत्या. मळकी दोरी घेऊन त्यांच्यापुढे जाणे आत्यांना फाटक्या कपड्याने जाण्यासारखे वाटले. जुनी दोरी त्या दर मोसमाला धूत असत. तशीच ही नवीही त्यांनी आदल्या दिवशी गरम पाण्यात भिजवली, दगडावर आपटली, पिळली आणि कुंपणावर वाळत घातली.

वहिनी दारात दाणे निवडत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "वन्सं, दोरीला न्हाऊ घालताय. लग्न ठरलं की काय तिचं?"

"ठरलंय की. सरकारशी."

"मग सासरी गेल्यावर माहेरची आठवण ठेव म्हणावं. दोन पोती तरी पाठव म्हणावं."

"ती मुकी आहे गं."

"मुकी सून चांगली. तुमच्यासारखी नाही," वहिनी म्हणाल्या, आणि दोघी हसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुके इतके उतरले होते, की मोठ्या बाईंची गाडी आधी ऐकू आली आणि मग कितीतरी वेळाने दिसली. बाई कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी सर्वांना नमस्कार केला आणि मोजणीदाराकडे पाहिले. मोजणीदाराने आपल्या फोनमध्ये पाहिले. नशिबाने निवडलेले शेत वहाळाच्या काठचे निघाले. गावातली सगळ्यात हिरवी पट्टी. माणसे धुक्यात उभी होती. कुणीतरी खोकले.

सगळे त्या शेताकडे निघाले. वहिनी पाण्याची कळशी देण्याच्या निमित्ताने आत्यांजवळ आल्या आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "त्या कोपऱ्यात खारवट जमीन आहे. पीक खुरटलंय बघा तिथं. खुंटी जरा तिकडं झुकली तर कुणाच्या बापाचं काय जातंय?"

"माझ्या बापाचं जातं."

"तुमच्या जात असेल. माझा बाप गवंडी होता."

"मग गवंड्याच्या लेकीला तरी कळायला हवं, ओळंबा सरकवला की भिंत कुणाच्या अंगावर पडते ते."

वहिनींनी कळशी कमरेवर घेतली. "बोलायला बरं आहे तुम्हाला," त्या म्हणाल्या. "चुलीपुढं मी बसते."

बांधावर माळावरचे एक आजोबा उकिडवे बसले होते. त्यांची नजर आत्यांच्या हातातल्या खुंटीवर होती. ती नजर आत्यांना वहिनींच्या बोलण्यापेक्षा जड गेली. तरीही मोजणीदाराने बोट दाखवले तिथेच त्यांनी पहिली खुंटी ठोकली. मग दुसरी, तिसरी, चौथी. धुतलेली दोरी धुक्यात अशी पांढरी दिसत होती, की जणू धुक्याचीच एक धार कुणी पिळून ताणली आहे. आत्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. त्या दिवशी ती खोली त्यांना नेहमीपेक्षा जवळची वाटली, पांघरूण अंगाला लपेटून घ्यावे तशी. त्यांनी डोळे मिटले. राजधानीतले दालन दिसले, पण चालणारा माणूस या ठिगळापाशी थांबला नाही. ओल लागल्यावर थांबायचे कशाला? तो तसाच पुढे गेला, आणि आत्यांना त्याला हाक मारता येईना, कारण त्यांना त्याचे नाव ठाऊक नव्हते.

कापणी झाली, झोडणी झाली. ऊन वर आले आणि कोंड्याचे कण हवेत सोनेरी धुके होऊन तरंगू लागले. दाणे तराजूत पडले. मोजणीदाराने वाकून पाहिले, पुन्हा पाहिले, आणि तो मोठ्या बाईंना म्हणाला, "रेषेच्या खाली आहे, बाई. अगदी केसभर."

गावाने सुस्कारा टाकला तो वाऱ्यासारखा शेतावरून गेला. सगळ्यात हिरवी पट्टीच रेषेखाली, म्हणजे दुकान उघडणार. मोजणीदार म्हणाला, की उद्या संध्याकाळी आकडा राजधानीला जाईल आणि मग कुणाला काही बदलता येणार नाही. परतताना माणसे आत्यांना वाट करून देत होती. कुणी म्हणाले, "आत्यांनी खुंटी न सरकवता सरकवली." दुसरे म्हणाले, "हात फिरला तिचा." आत्यांना ती थट्टा वाटली. गावावर नशीब प्रसन्न झाले, असे समजून त्याही हलक्या पायांनी घरी आल्या.

घराच्या बाहेरच्या भिंतीत वडिलांनी दोन खिळे ठोकून ठेवले होते. दोन्हींमधले अंतर चौकोनाच्या एका बाजूएवढे. काम संपले की पहिली गाठ एका खिळ्यावर, दुसरी गाठ दुसऱ्यावर, अशी दोरी लावून ठेवायची ही घरची शिस्त. जुनी दोरी तिथे किंचित झोल देऊन विसावत असे. उतरत्या उन्हात आत्यांनी नव्या दोरीची पहिली लाल चिंधी एका खिळ्याला अडकवली आणि दुसरी घेऊन त्या भिंतीच्या कडेने चालत गेल्या. चिंधी खिळ्यापाशी पोहोचली नाही. त्यांनी ओढून पाहिले. तरीही वीतभर अंतर उरले.

आपल्या हातून असे काही होईल असे आत्यांना कधी वाटलेच नव्हते. जुनी दोरी जितकी आखडायची तितकी वर्षानुवर्षांच्या धुण्यात आधीच आखडून बसली होती. नव्या सुताने मात्र पहिलेच गरम पाणी पाहिले आणि अंग चोरले. दोरी आखूड, म्हणून चौकोन लहान. चौकोन लहान, म्हणून दाणे कमी. खोली जवळची का वाटली होती, ते त्यांना आता कळले.

त्या उंबऱ्यावर बसल्या. ऊन भिंतीवरून उतरत होते आणि खिळ्याची सावली लांबत चालली होती. जाग आणि झोप यांच्या मध्ये एक ओलसर जागा असते, तिथे त्या काही वेळ राहिल्या. त्यांना दालन दिसले. ठिगळे नीट जुळलेली होती. फक्त एका ठिकाणी वीतभर फट होती. त्या फटीतून धान्य गळत होते, आवाज न करता, वाळूसारखे. चालणारा माणूस वाकून फटीत पाहत होता. मग त्याने शेजारचे ठिगळ उचलून पाहिले, त्याच्या शेजारचे पाहिले, आणि एकेक करून सगळी ठिगळे उलटी करू लागला. आता त्याला कोणत्याच ठिगळाचा भरवसा उरला नव्हता.

"वन्सं, वारा खाताय की विचार?" वहिनी बाहेर आल्या. त्यांचे लक्ष भिंतीकडे गेले. लोंबणारी चिंधी पाहिली, खिळा पाहिला. त्या चुलीपुढे बसणाऱ्या असल्या तरी गवंड्याची लेक होत्या. भिंतीवरचे अंतर त्यांना सांगावे लागले नाही. त्या शेजारी बसल्या.

"धुतलीत म्हणून?"

"हो."

"मग झालं तर. तुम्ही धुतलीत, चोरी नाही केलीत. दोरीनं आपल्या मनानं केलं."

"आकडा खोटा आहे, वहिनी."

"आकडा खोटा असेल, पण गोष्ट खरी आहे. माळावर दाणा नाही, हे खरं की खोटं? तुमची ती खरी दोरी सांगणार की गाव भरलंय. मग खरं कोण बोललं?"

  कणगीच्या तळाशी पत्र्याचा डबा खरवडल्याचा आवाज आतून येत होता. भाची संध्याकाळचे दाणे काढत होती.

तो आवाज ऐकत आत्या म्हणाल्या, "आज दोरी आखडली ती आपल्या बाजूनं. उद्या कुणी ती ओढून लांब केली तर? गाव वाळलेलं असेल आणि आकडा म्हणेल भरलंय. मग आपण कुठल्या तोंडानं म्हणायचं, की दोरी खोटी आहे?"

"उद्याचं उद्या. आज काय शिजवू ते सांगा."

"ते मला नाही सांगता येत."

"हेच तर. तुम्हाला फक्त मोजता येतं."

वहिनी उठून आत गेल्या. भाऊ ओसरीवर बसून सगळे ऐकत होता. तो मितभाषी माणूस. त्याने विळ्याला धार लावणे थांबवले नाही, पण वर न पाहता म्हणाला, "जायचंच असेल तर सकाळच्या दुधाच्या गाडीनं जा. उन्हात चालत जाऊ नकोस."

सकाळी आत्या दुधाच्या कॅनांमध्ये बसून निघाल्या. दोरी मांडीवर होती. गाडी डुलत होती, कॅन एकमेकांना टेकून हळू बोलल्यासारखे वाजत होते, आणि दोन्ही बाजूंची शेते पाठमोरी चालत मागे जात होती. आत्यांना वाटले, की गाडी कुठेच जात नाही. शेतेच उठून कुठेतरी दुसरीकडे राहायला निघाली आहेत.

कार्यालयाच्या पायरीवर मोजणीदार चहा पीत उभा होता. "आत्याबाई? दोरी परत करायला एवढ्या लांब?"

"परत करायला नाही. मोजायला."

त्याने कपाटातून लोखंडी फीत आणली. दोघांनी व्हरांड्याच्या फरशीवर दोरी पसरली. फीत पुढे गेली आणि दोरी मागे राहिली. मोजणीदार पायरीवर खाली बसला. चहा गार होईपर्यंत त्याने कप तसाच धरला.

"मीच आधी फीत लावून बघायला हवी होती," तो म्हणाला. "बाईंसमोर घाई झाली. हे कुणाला सांगितलंत?"

"वहिनीला."

"म्हणजे गावाला."

"नाही. ही गोष्ट ती नाही सांगणार."

मोठ्या बाई आत होत्या. त्यांनी सगळे ऐकून घेतले. त्यांनी आत्यांना बसायला खुर्ची दिली. आत्या बसल्या नाहीत. बाईंनी विचारले, "आकडा आता वाढेल, हे ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"ठाऊक आहे."

"आणि दुकान?"

"तेही ठाऊक आहे."

बाईंनी खिडकीबाहेर पाहिले. मग त्यांनी गाडी काढायला सांगितली.

दुपारच्या पिवळ्या शांततेत ती तिघे काठच्या शेतात पोहोचली. कालचा चौकोन कापून मोकळा पडला होता. छत आणि भिंती गेलेल्या घराची नुसती जमीन उरावी तसा. मोजणीदाराने लोखंडी फितीने खऱ्या कडा आखल्या. दोन बाजूंना वीतभर रुंदीची पट्टी कापायची राहिली होती. ती आत्यांनी स्वतःच्या विळ्याने कापली. एकेक धाट कापताना त्यांना वाटत होते, की आपण भिंत मागे सरकवत आहोत, आणि जितकी ती सरकते तितकी आत माणसे कमी मावतात. गाव हळूहळू बांधावर गोळा झाले. कुणालाही समजावून सांगावे लागले नाही. त्या पट्टीतले दाणे झोडून कालच्या वजनात मिळवले. आकडा रेषेच्या वर गेला, फार नाही, पण गेला.

कुणी आत्यांना वेडेवाकडे बोलले नाही. माणसे फक्त पांगली, ढग विरतात तशी, कोणत्या क्षणी ते कळू नये अशी. वहिनी आल्याच नव्हत्या.

शेवटी काय झाले, ते आधीच सांगणे योग्य होईल. दुकान त्या वर्षी उघडले, पण उशिरा आणि फक्त माळावरच्या घरांपुरते. आत्यांच्या भावाचे शेत उतारावरचे, धड इकडचे ना धड तिकडचे. त्याला अर्धे धान्य मिळाले. वहिनींनी कितीतरी दिवस आत्यांशी गरजेपुरतेच बोलणे ठेवले. मग एकदा पीठ चाळताना त्या म्हणाल्या, "तुमच्या दोरीनं आमचं शेतही मधोमध कापलं बघा, वन्सं," आणि त्या दिवसापासून घरात पुन्हा थट्टा सुरू झाली. पुढच्या मोसमापासून त्या गावात दोन चौकोन पडू लागले, एक खाली आणि एक वर. दोन आकड्यांची बेरीज करून त्यांचा मध्य कसा काढतात, हे आत्यांना समजून घ्यायचे होते. त्यासाठीच त्या वर्गात आल्या होत्या.

गावात म्हणतात, की हे सगळे आत्यांमुळे झाले. आत्यांना ते पटत नाही. त्या म्हणतात, त्या दिवशी मोठ्या बाई थकलेल्या होत्या आणि तरी त्यांनी ऐकले, हेच खरे. मी त्यांना विचारले, की तुम्ही बाईंना नेमके काय म्हणालात. त्यांनी पाटी खाली ठेवली आणि आठवून सांगितले.

माणसे पांगल्यावर बाई गाडीत बसायला निघाल्या होत्या. मोजणीदाराने तराजू आत ठेवला होता. आत्या गाडीच्या दाराशी गेल्या आणि म्हणाल्या, "बाई, परत जायच्या आधी एकदा वरच्या माळावर चला. तिथंही फीत लावा."